एलडीएल ग्राही : पेशीचा द्वारपाल

रुग्ण रक्ततपासणीचा अहवाल पुढे ठेवतो आणि आपण मेदोदुष्टीचा विचार करू लागतो. तो योग्यच आहे. परंतु कोलेस्टेरॉल रक्तातून पेशीत कसे शिरते, हेही वैद्यांच्या ध्यानी असावे, असे आम्हांस वाटते.

पेशीच्या पृष्ठभागावरील एलडीएल ग्राही, अर्थात रिसेप्टर, हे ८३९ अमिनो आम्लांचे प्रथिन होय. त्याच्या बाह्य टोकास कॅल्शियमने स्थिर राहणारे ७ खंड असून तेथेच एलडीएलचा कण धरला जातो. ग्राही व कण दोन्ही पेशीत ओढले जातात. आत आम्लता वाढताच कण सुटतो व ग्राही सुमारे १० मिनिटांत पृष्ठभागावर परततो. डलास येथील ब्राउन व गोल्डस्टीन यांस या संशोधनाबद्दल १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राहीचे जनुक सदोष असल्यास कण रक्तातच साचतात. माता व पिता दोघांकडूनही दोष आल्यास बालवयातही हृद्रोग होतो. म्हणून टाचेमागील कंडरेवरील गाठी पाहाव्यात, कुळातील अकाली हृद्रोगाची चौकशी करावी आणि असा रुग्ण हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावा.

स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉल-निर्मिती रोखते. परिणामी यकृत अधिक ग्राही निर्माण करते. ते औषध केवळ गुग्गुळाच्या भरवशावर बंद करू नये. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल घटले नाही, उलट किंचित वाढले. औषधविक्रेत्यांनीही हे सांगण्यास संकोच करू नये. पथ्य व व्यायाम यांचे मोल त्याने उणे होत नाही; रुग्णाचा विश्वास मात्र राखला जातो.