विषुववृत्तावर दंतसेवेला जाताना : सामानाचा हिशेब

सेवेसाठी परदेशी जाणे म्हटले की तळमळ, त्याग वगैरे शब्द आपल्या तोंडी लगेच येतात. सामानाची गोष्ट सहसा कोणी काढत नाही. परंतु हाती चिमटा नसलेल्या दंतवैद्याची तळमळ रोग्याच्या फारशी उपयोगाची नाही. आमच्या अमरगोळातील एक दंतवैद्य अक्का केनियातील नाकुरूच्या आसपासच्या खेड्यांत दोन आठवडे दंतसेवेसाठी जावयाच्या ठरल्या, तेव्हा सामानाची यादी व वजनाचा हिशेब करण्याचे काम, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून, माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले व विचारून घेतले ते येथे मांडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे तिच्या आफ्रिका विभागात लाख लोकांमागे सुमारे तीन दंतवैद्य आहेत. आपल्या धारवाडजवळ सत्तूरला १९८६ पासून दंतमहाविद्यालय आहे, त्यामुळे हा आकडा आपणांस चटकन खरा वाटत नाही.

तयारीचा आरंभ निदान सहा महिने अगोदर व्हावा लागतो. रक्ताशी संबंध येणाऱ्या माणसाने कावीळ ‘ब’ ची लस घेतलेली असलीच पाहिजे आणि तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पसरलेल्या असतात. पीतज्वराची लस मात्र एकच. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते व तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरला जातो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू करावयाच्या असतात. याखेरीज केनियाच्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेन्टिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. सेवा फुकट असली म्हणून दुसऱ्याच्या देशात विनापरवाना दाढ काढता येत नाही, हे योग्यच आहे.

यादीत अक्कांनी स्वेटर लिहिलेला पाहून मला हसू आले होते. विषुववृत्तावर स्वेटर कशाला? पण नाकुरू विषुववृत्ताला अगदी लागून असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० मीटर उंच आहे. रात्री तेथे चांगलाच गारठा पडतो. तेथे बाराही महिने दिवस बारा तासांचा आणि संधिप्रकाश थोडा, म्हणून सायंकाळी सातच्या आत बाहेरचे काम आटपावे लागते. त्यासाठी कपाळाला बांधायचा दिवा घेतला. विजेचा दाब जवळजवळ आपल्याइतकाच, २४० व्होल्ट. परंतु प्लगचे तीन पाय चौकोनी, तेव्हा जोडपिन हवी.

आता वजन. विमानात प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा धरल्या तर ४६ किलो होतात. येथील मार्केट यार्डातील कोणताही हमाल सांगेल की काट्यावर आधी बारदान भरते, मग माल! रिकाम्या दोन बॅगाच आठ किलोंच्या निघाल्या. राहिले ३८. त्यात विजेवरचे सुटे ड्रिल, त्याचा कॉम्प्रेसर व नळ्या मिळून वीस किलोंवर गेले. अक्कांनी ते सरळ बाजूला ठेवले. मी म्हणालो, “अक्का, ड्रिल नाही म्हटल्यावर तुम्ही तिथं करणार काय?”

“अरे, ते तिथं बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? हातानं कोरता येतं की,” त्या म्हणाल्या.

हे हाताने कोरणे म्हणजे मागासलेपणा नव्हे. टांझानियात, म्हणजे केनियाच्या शेजारीच, १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत दंतवैद्यांनी सिद्ध केली. दातातील किडलेला मऊ भाग चमच्याच्या आकाराच्या बारीक कोरण्यांनी काढावयाचा व तेथे ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट दाबून भरावयाचे. हे सिमेंट दाताला स्वतःच चिकटते व हळूहळू फ्लोराइड सोडते. वीज नको, नळाचे पाणी नको, बहुधा भूलही नको. दाताच्या एकाच बाजूला पडलेल्या लहान खड्ड्यांना ही पद्धत उत्तम; कीड नसेपर्यंत पोचली असेल तर मात्र पुष्कळदा दात काढावा लागतो.

काढण्यासाठी चिमटे हवेत आणि चिमटे निर्जंतुक हवेत. येथे आपला प्रेशर कुकर कामास येतो. समुद्रसपाटीला १५ पौंड दाबाखाली वाफ १२१ अंशांपर्यंत तापते व त्या उष्णतेत पंधरा-वीस मिनिटांत जंतू मरतात. नाकुरूच्या उंचीवर उघडे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, कुकरमधील वाफही १२१ च्या काहीशी खालीच राहते. म्हणून वेळ वाढवावी लागते आणि उष्णता पुरेशी झाली की नाही हे रंग बदलणाऱ्या पट्टीवर प्रत्येक वेळी पाहावे लागते. नुसते उकळून घेतलेला चिमटा एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात नेणे म्हणजे कावीळ वा एड्स वाटत फिरण्याची जोखीम होय.

भुलेच्या औषधाचा हिशेब सोपा. आपल्याकडे लिग्नोकेन ३० मिलिलिटरच्या बाटलीत मिळते. दातामागे दोन मिलिलिटर धरले तर बाटलीस पंधरा दात. तीनशे दातांना वीस बाटल्या. सुई दर वेळी नवीन. मुदतीची तारीख मात्र नीट पाहावी. दान दिलेल्या औषधाची मुदत पोचतेवेळी निदान एक वर्ष शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. मुदत संपत आलेला माल दान देणे म्हणजे आपली गोदामसफाई दुसऱ्याच्या माथी मारणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजन नसलेले सामानही थोडे न्यावे लागते. रिफ्ट खोऱ्यातील पाण्यात फ्लोराइड फार, त्यामुळे तेथील पुष्कळांचे दात तपकिरी असतात. आपल्या गदग जिल्ह्यातील मुंडरगीकडेही हेच दिसते. तो डाग म्हणजे कीड नव्हे हे ज्याला ठाऊक नाही तो चांगला दात कोरून बसेल. शिवाय चार शब्द स्वाहिलीचे हवेत. आपण कन्नडमध्ये ‘बायी तेगीरि’ म्हणतो तसे तेथे ‘फुंगुआ म्डोमो’, म्हणजे तोंड उघडा. दुखले तर ‘पोले’, म्हणजे अरेरे.

माझी खरी शंका वेगळीच होती, ती मी अक्कांना विचारली. पथक पंधराव्या दिवशी विमानात बसणार. चौदाव्या दिवशी दाढ काढलेल्या बाईला सोळाव्या दिवशी सूज आली तर तिने कोणाकडे जावे? अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी यादीत दोन दुरुस्त्या केल्या. शेवटचे तीन दिवस दात काढणे बंद, केवळ भरणे व तपासणी. आणि कोरण्यांचे दोन संच व सिमेंट जादा न्यायचे, ते परत आणायचे नाहीत. केनियात दंतवैद्यांच्या हाताखाली शिकलेले सामुदायिक दंत-आरोग्य अधिकारी असतात. ते काम करीत असलेल्या केंद्रात हे संच ठेवायचे, रोग्यांच्या नोंदवहीची प्रतही तेथेच. यासाठी दोन साड्या व फराळाचा डबा बॅगेतून निघाले. डब्याबद्दल मला थोडे वाईट वाटले.

परतीच्या सामानात चिमटे, कुकर व मूळ नोंदवही. वापरलेल्या सुया जाड डब्यात बंद करून तेथील रुग्णालयाच्या भट्टीत द्यावयाच्या. पीतज्वराचे पिवळे पुस्तक मात्र बॅगेत न टाकता खिशात ठेवावे. आपल्या देशात तो रोग नाही, पण तो पसरविणारा डास आहे. म्हणून तो दाखला नसलेल्या प्रवाशास विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते.