परका अणू आला आणि हिरा ओळखू आला

हिऱ्यातले कार्बनचे अणू जागच्या जागी थरथरत असतात, तेही सेकंदाला जास्तीत जास्त ४० लाख कोटी वेळा! पण अगदी शुद्ध हिऱ्यातून साडेसात मायक्रॉनच्या थोडा पलीकडचा अवरक्त प्रकाश आरपार निघून जातो. सगळे अणू एकसारखे आणि मांडणी इतकी सममित, की थरथरताना विद्युतभार इकडचा तिकडे होत नाही आणि प्रकाशाला पकडायला काही सापडत नाही. नायट्रोजनचे थोडे अणू घुसले की सममिती मोडते आणि तोच प्रकाश हिऱ्यात शोषला जातो.

असे दोन प्रकारचे हिरे रॉबर्टसन, फॉक्स आणि मार्टिन यांनी १९३४ साली वेगळे काढले. फरकाचं कारण मूळ अणुरचनेतच आहे, असं बंगळुरूत बसून हिऱ्यांचा ध्यास घेतलेल्या सी. व्ही. रामन यांचं मत होतं. अखेर १९५९ साली कैसर आणि बाँड यांनी खरा कर्ता दाखवून दिला : नायट्रोजन.

हलका पाहुणा, एकट्याचा ताल

पोटॅशियम क्लोराइडच्या स्फटिकात क्लोरीनच्या जागी हायड्रोजन बसवला, तर तो इतका हलका की त्या स्फटिकाच्या कमाल कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेगानं थरथरतो. शेजाऱ्यांना तो वेग झेपत नाही. त्यामुळे ती थरथर पुढे पसरतच नाही, त्याच्याभोवतीच कोंडून राहते. हायड्रोजनऐवजी त्याचाच दुप्पट जड भाऊ, ड्युटेरियम, घातला, की वेग जवळपास १.४ पटीनं उतरतो. मला यातलं हेच सर्वांत देखणं वाटतं. रसायन तेच, बदललं ते फक्त वजन!

भाऊबंदही अडवतात

उष्णता हिऱ्यातून अणूंच्या थरथरीवर स्वार होऊन धावते, तांब्यापेक्षा सुमारे पाचपट सहज. तरी निसर्गातल्या कार्बनमध्ये १.१ टक्का जड भाऊ, कार्बन-१३, असतोच आणि तो वाट अडवतो. १९९० साली त्याचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलेला हिरा तयार झाला. त्याची उष्णतावाहकता साध्या तापमानालाच निम्म्यानं वाढली!

कधी ही अडवणूकच हवी असते. सिलिकॉनमध्ये जर्मेनियम मिसळला की उष्णतेचा प्रवाह मंदावतो, वीज मात्र बऱ्यापैकी वाहते. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत प्लुटोनियमच्या उष्णतेची वीज करते ती हीच मिश्रधातू.

चिपच्या कारखान्यातली झडती

वितळलेला सिलिकॉन क्वार्ट्झच्या भांड्यातून ऑक्सिजन उचलतो, साधारण दहा लाख अणूंमागे दहा-वीस. त्या सिलिकॉनची चकती न फोडता ते मोजायचं कसं? ऑक्सिजनची थरथर नऊ मायक्रॉनला अवरक्त प्रकाश शोषते. शोषण मोजलं की हिशेब हाती.

सुरत-मुंबईच्या हिरेबाजारातही हीच युक्ती चालते. नैसर्गिक हिऱ्यांत बहुतेकदा नायट्रोजन सापडतो. सीव्हीडी, म्हणजे वायूतून कार्बन थराथरानं साठवण्याच्या पद्धतीनं प्रयोगशाळेत वाढवलेल्यांत तो सहसा नावापुरताच. त्यामुळे नायट्रोजनची खूण दिसली नाही, की तपासनीस तो हिरा बाजूला काढून पुढच्या चाचणीला पाठवतो. हिरा घेताना प्रमाणपत्राच्या शेऱ्यात ‘टाइप टू-ए’ असं लिहिलेलं आढळलं, तर समजा, यात नायट्रोजन जवळजवळ नाही. मग तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे दुकानदाराला विचारूनच पैसे मोजा.