आईबाबांच्या इंग्रजीसाठी चार गोष्टी

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये आईबाबा यायला लागतात. गोडा मसाला, लोणची, भाजणी येते, घर कसं भरून जातं. पण आपण ऑफिसला आणि मुलं शाळेत गेली की दिवसभर घरात दोघंच. बेल वाजली तरी दार उघडायला बिचकतात. कारण एकच, "आम्हाला इंग्लिश बोलता येत नाही रे."

खरं तर शब्द त्यांच्याकडे भरपूर असतात. शुगर, बीपी, तिकीट, बिल, सगळे आयुष्यभर वापरलेले. अडतं ते वाक्य जुळवताना. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आईबाबांच्या पिढीला ते पाचवीत, काहींना तर आठवीत भेटलं, तेही पाठांतरापुरतं. म्हणून मराठीचाच हात धरून सुरुवात केलेली बरी. त्यासाठी चार गोष्टी पुरतात.

पहिली, शब्दांची जागा. 'वाघाने हरणाला मारलं' म्हणा किंवा 'हरणाला वाघाने मारलं', अर्थ तोच. कारण 'ने' आणि 'ला' राखण करतात. इंग्रजीत ते काम जागा करते. 'द टायगर किल्ड द डिअर' यातले प्राणी उलटे केले तर हरीणच वाघाला मारतं! म्हणून आधी करणारा, मग क्रियापद, मग बाकीचं. मी चहा पितो, 'आय ड्रिंक टी'.

दुसरी, आपण शब्दाच्या शेवटी जोडतो ते इंग्रजीत आधी येतं. घरात, 'इन द हाउस'. टेबलावर, 'ऑन द टेबल'.

तिसरी, आपला 'मला'. मला भूक लागलीय, मला ताप आहे. इंग्रजीत दोन्हीकडे 'आय'नेच सुरुवात करायची. स्वतःची अवस्था सांगायची तर 'ॲम': 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम टायर्ड'. आजार किंवा दुखणं सांगायचं तर बहुतेक वेळा 'हॅव': 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव चेस्ट पेन'. हे शेवटचं वाक्य तर प्रत्येक आजी-आजोबांना पाठ हवंच.

चौथी, प्रश्न. आपण शेवटी 'का' लावतो, ते पुढे 'डू' किंवा 'डझ' लावतात. 'डू यू हॅव मिल्क?' 'डझ धिस बस गो टू द लायब्ररी?' नाही म्हणायलाही तोच 'डू' कामी येतो: 'आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज स्पीक स्लोली.' माझ्या आईला ही दोन वाक्यं आली आणि ती एकटी फिरायला जायला लागली. समोरचा काय बोलेल याची धास्तीच गेली.

आणि 'अ', 'ॲन', 'द'? मराठीत ते नाहीतच, त्यामुळे चुकणारच. चुकू देत. 'द' राहिला म्हणून दुकानदार दूध द्यायचा थांबत नाही.

रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं द्या. एकाने ९११ वरचा माणूस व्हायचं, आईबाबांनी फोन करायचा. तिथे साधारणपणे आधी पत्ता विचारतात, तेव्हा पत्त्यापासूनच सुरुवात करा आणि तो मोठ्या अक्षरात, देवनागरीतही, फ्रिजवर लावून ठेवा. बऱ्याच गावांच्या लायब्ररीत इंग्रजी बोलायच्या सरावाचे मोफत वर्ग असतात, तिथे एकदा सोबत जाऊन या. आणि नातवंडांना आधीच बजावून ठेवा, आजीच्या उच्चारांवर हसायचं नाही. आजी एकदा ओशाळली की पुन्हा तोंड उघडत नाही. तिला तीन-चार भाषा कळतात, ही तर आणखी एक!