ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला का?

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्या क्लाऊनफिशच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले होते आणि चार दिवसांत ते आपोआप गेले. त्याचा प्रश्न असा: आता काही करायची गरज आहे का?

आहे. आणि आत्ताच आहे. खाऱ्या पाण्याच्या टँकमधले मासे लोक या 'बरं झालं बुवा' वाल्या आठवड्यात गमावू शकतात.

दुकानदार ज्याला 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, तो मरीन इच. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरतो, साधारण तीन ते सात दिवस खाऊन गब्बर होतो आणि मग स्वतःच बाहेर पडतो. ठिपका 'गेला' तो असा. खाली वाळूवर, दगडावर तो कवच करून बसतो आणि आत त्याचे तुकडे होत जातात. एकाचे शंभर-दोनशे होऊ शकतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, ही पिल्लावळ बाहेर येते आणि मासा शोधते. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरते. पण काचेच्या चार भिंतींत मासा सापडणारच ना! पहिल्या फेरीत दहा ठिपके असतील तर दुसऱ्या फेरीत मासा पांढराफटक दिसतो.

आता औषधाची बाटली उघडायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा. मासा धापा टाकतोय का? पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा राहतोय का? अंगावर ठिपक्यांऐवजी बारीक सोनेरी धूळ असेल तर तो वेल्व्हेट, आणि क्लाऊनच्या अंगावरून पांढरा चिकट थर सुटत असेल तर ब्रुकलिनेला. हे दोन्ही दोन-चार दिवसांत मासा नेतात, तिथे वाट बघायची नाही आणि उपचारही वेगळे. कधी कधी मात्र रोग नसतोच, पाणी बिघडलेलं असतं. अमोनिया तपासा, तो शून्यच हवा. मे महिन्यात चिलर नसेल तर टँक सहज ३० डिग्रीच्या वर जातो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. एअर पंप लावा, पृष्ठभाग हलता ठेवा. लाइट जात असेल तर बॅटरीवाला पंप घरात हवाच. उन्हाळ्यात पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून भर घालताना बिनमिठाचं आरओचं पाणी घाला. नाहीतर १.०२५ ची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी कधी वर सरकली ते कळतही नाही.

गोड्या पाण्याचे मासे पाळून आलेल्यांची एक सवय इथे नडते: जाडं मीठ टाका, निळं औषध टाका, हीटर वाढवा. अहो, हा परजीवी समुद्रातलाच आहे, मीठ म्हणजे त्याचं घर! लसणाचंही तेच. खाण्यावर लावल्याने मासा चार घास जास्त खाईल कदाचित, पण इच त्याने मरत नाही.

मग करायचं काय? सगळे मासे बाहेर काढायचे. फक्त आजारी नाही, सगळे. वेगळ्या टँकमध्ये तांब्याचं औषध देता येतं, पण त्याला कॉपरची टेस्ट किट लागते आणि लेबलवरची मात्रा पूर्ण दोन-तीन आठवडे कायम ठेवावी लागते. मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही. कोळंबी, गोगलगायी, कोरल, ॲनिमोन सगळे मरतात आणि दगड तांबं शोषून बसतात.

विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये बसणारा आणि मला स्वतःला जास्त आवडणारा उपाय म्हणजे टब बदलणं. दोन स्वच्छ प्लास्टिकचे टब, वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. दर ७२ तासांच्या आत मासा दुसऱ्या टबमध्ये हलवायचा, असं चार वेळा. अंगावरून पडलेले परजीवी जुन्या टबमध्येच राहतात आणि पिल्लं फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. रिकामा टब, एअरस्टोन, जाळी, सगळं धुऊन कडकडीत वाळवायचं. ओली जाळी वापरलीत तर सगळी मेहनत पाण्यात. नव्या टबचं तापमान आणि खारटपणा जुन्याइतकाच ठेवा, आणि टबमध्ये बॅक्टेरिया नसतात म्हणून खाणं बेताचं द्या, अमोनिया रोज बघा. वेल्व्हेटवर ही युक्ती चालत नाही, हे लक्षात ठेवा.

नवा मासा आणलात तर तोही आधी चार आठवडे वेगळा. जमलं तर हॅचरीतलाच क्लाऊन मागा. आपल्याकडे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला मासा टाकीतलं जगणं आणि खाणं लवकर स्वीकारतो. वेगळं ठेवणं मात्र त्यालाही चुकत नाही.

आणि मुख्य टँक? तो माशांविना ७६ दिवस चालू ठेवायचा, कारण कवचातून ७२ दिवसांनीही पिल्लं बाहेर आल्याची नोंद आहे. कोरल, गोगलगायी तिथेच राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही. शेवटचा मासा काढला ती तारीख काचेवर मार्करने लिहा. चाळिसाव्या दिवशी मोह होऊन एक जरी मासा आत सोडलात, तर ती तारीख पुसायची आणि पुन्हा एकपासून मोजायचं.