आपल्या मालाचें संकेतस्थळ आणि मोबाइल

अडत्यास वगळून गूळ, हळद किंवा आंबा थेट विकण्याकरितां आमचे कांहीं शेतकरी बंधु संकेतस्थळ उघडतात. परंतु गिऱ्हाईक तें बहुधा मोबाइलवर पाहतें, हें विसरतात. संगणकाच्या रुंद पडद्याकरितां मांडलेलीं अक्षरें तेथें तिळाएवढीं दिसतात व गिऱ्हाईक परत फिरतें. यास्तव पडद्याच्या रुंदीप्रमाणें पान आपोआप मांडलें जाईल, अशी योजना करवून घ्यावी. अक्षर सुमारें १६ पिक्सेलांचें असावें. छायाचित्रें हलकीं असावीं, म्हणजे पान लवकर उघडतें. भाव व वजन आरंभींच द्यावें. बोट लावतांच दूरध्वनि लागावा. इ. स. २०१५ च्या एप्रिलपासून गूगलनेंही मोबाइलवरील शोधांत अशा पानांस प्राधान्य देण्यास आरंभ केला. शेवटीं स्वतःच्या मोबाइलवरून एक मागणी नोंदवून पाहावी. उत्तम माल केवळ पान वाचतां न आल्यामुळें पुनः अडत्याच्या दारीं जावा, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.