पित्ताशय, वजन आणि उपवासाचा हिशेब

ढोकीसारख्या बाजारगावात ‘पित्त’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जात असेल, याची गणती करणे कठीण आहे. रिकाम्या पोटी चहा घेऊन दुकान उघडणाऱ्या व्यापाऱ्याच्या छातीत दहाच्या सुमारास जळजळते. त्याला ‘पित्त झालेले’ असते. अंगावर गांधी उठल्या तर ‘पित्त उठलेले’ असते आणि घरातील वडीलधारी मंडळी आमसुलाचा कोळ लावायला सांगतात. एस. टी. च्या प्रवासात मळमळले तरी दोष पित्ताचाच. आणि संध्याकाळच्या जेवणानंतर तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत गेली, घाम फुटला, तरी ती कळही त्याच खात्यावर जमा होते. सोडा घेतला जातो, आम्लपित्ताची गोळी घेतली जाते, दोन तासांनी कळ आपोआप ओसरते आणि गोळी लागू पडली असा समज होतो.

शेवटचे हे दुखणे बहुधा पोटातील आम्लाचे नसते. ते पित्ताशयाचे असते आणि तेथे साठलेल्या खड्यांचे असते. एकाच शब्दाखाली तीन-चार निराळी दुखणी नांदत असल्यामुळे आपल्या घरांतून पित्ताशयाचा खडा वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. ओळखला गेला तरी त्याची गल्लत मुतखड्याशी होते. हुलग्याचे कढण, पानफुटीचे पान, भरपूर पाणी हे घरगुती उपाय लोक मुतखड्यासाठी करतात. पित्ताशयाची वाटच वेगळी असल्याने तेथे त्यांचा काही संबंध पोहोचत नाही.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. त्यातील काही भाग यकृताखाली चिकटलेल्या लहान पेरूएवढ्या पिशवीत साठतो. हेच पित्ताशय. त्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. म्हणून ते त्यातील पाणी शोषून रस दाट करून ठेवते. जेवणातील तूप, तेल, दूध आतड्यात उतरले की तेथून एक संप्रेरक रक्तात सुटते, पित्ताशय आकुंचन पावते आणि रस आतड्यात ओतला जाऊन स्निग्ध पदार्थ पचतात. म्हणजे गोदाम भरणे उपाशीपणी होते आणि रिकामे होणे स्निग्ध अन्न पोटात गेल्यावर होते. सोनोग्राफीसाठी सकाळी उपाशीपोटी बोलावतात ते याचसाठी. भरलेले पित्ताशय स्पष्ट दिसते, जेवल्यानंतर ते आक्रसते.

माल गोदामात फार दिवस पडून राहिला की काय होते, हे व्यापाऱ्यांना निराळे सांगायला नको. पित्तरसात कोलेस्टेरॉल विरघळलेल्या स्थितीत असते. रस न हलता दाट होत गेला, किंवा कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले, की त्याचे सूक्ष्म कण बनतात, त्यांचा गाळ होतो आणि गाळातून खडे. स्त्रियांमध्ये, गर्भारपणानंतर, चाळिशीपुढे, मधुमेहात आणि स्थूलतेत ही शक्यता अधिक असते.

येथवरची माहिती अनेकांना असते. नसते ती पुढची. स्थूलतेमुळे खडे होतात, म्हणून वजन उतरवावे, हे खरे. पण वजन फार वेगाने उतरले तरी खडे होतात. शरीरातील चरबी झपाट्याने वितळू लागली की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते. त्याच काळात अन्न अत्यल्प आणि स्निग्धता जवळजवळ शून्य असल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही. एकीकडून आवक वाढते, दुसरीकडून उचल थांबते. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वजन घटू लागले की धोका स्पष्टपणे वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांत सुमारे एक तृतीयांश रुग्णांत खडे आढळल्याचे नोंदले गेले आहे. वजन घटवण्यासाठी अलीकडे आलेल्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकातही पित्ताशयाच्या त्रासाची सूचना छापलेली असते. ती बारीक अक्षरांत असल्याने कोणी वाचत नाही, एवढेच.

इटलीतील वैद्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास येथे फार बोलका आहे. स्थूल व्यक्तींचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना तीन महिने दिवसाला जेमतेम साडेपाचशे उष्मांकांच्या आसपास आहार दिला. फरक एवढाच, की एका गटाच्या आहारात दिवसाला सुमारे ३ ग्रॅम स्निग्धांश होता आणि दुसऱ्याच्या आहारात सुमारे १२ ग्रॅम. पहिल्या गटातील अकरांपैकी सहा जणांत खडे तयार झाले; दुसऱ्या गटात एकाही व्यक्तीत नाही. वजन दोन्ही गटांचे उतरले. बारा ग्रॅम म्हणजे साजूक तुपाचे अडीच चमचे! अभ्यास लहान होता हे मान्य करूनही, त्यामागील कारण शरीरशास्त्राला धरून आहे. घरात लग्न ठरले की नवरी मुलगी आणि तिची आई महिनाभर केवळ काकडी, मुगाचे पाणी आणि फळांचा रस यांवर राहतात, तेव्हा त्या नेमका पहिल्या गटाचा आहार घेत असतात.

आता प्रश्न येतो तपाचा. तो टाळून जैन कुटुंबांसाठी या विषयावर लिहिणे निरर्थक ठरेल. पर्युषणातील अठाई, मासखमण, वर्षीतप, दशलक्षण पर्वातील दहा दिवसांचे उपवास, हे सारे कर्मनिर्जरेसाठी असते, वजनासाठी नव्हे. त्याचे मूल्य तराजूत मोजता येत नाही. परंतु पित्ताशयाला हेतू कळत नाही. त्याला फक्त स्निग्ध अन्न आले की नाही, एवढेच कळते. केवळ उकाळलेल्या पाण्यावरील आठ दिवसांत ते एकदाही पुरते रिकामे होत नाही. आयंबिलाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तेथे जेवण होते, पोट भरते. पण दूध, दही, तूप, तेल वर्ज्य असल्याने आकुंचनाचा इशारा अगदी क्षीण असतो. नऊ दिवसांची ओळी निरोगी माणसाला जड जात नाही. मात्र ज्यांच्या पित्ताशयात आधीच खडे आहेत, त्यांनी ओळी किंवा अठाई हाती घेण्याआधी वैद्यांचा सल्ला घ्यायलाच हवा. दीर्घ तपानंतर पारण्याला एकदम तुपातील शिरा, तळलेले पदार्थ किंवा आटीव दूध घेतले, तर आठवडाभर साठलेले पित्ताशय जोराने आकुंचन पावते आणि एखादा खडा मुखाशी अडकून कळ उठू शकते. पारण्याच्या दिवशीच पोट दुखले की घरातील मंडळी ‘उपवास बाधला’ म्हणतात. बाधलेला असतो तो बहुधा आधीपासून असलेला खडा. मुगाच्या पाण्याने सुरुवात करून दोन-तीन दिवसांत हळूहळू स्निग्धांश वाढवण्याची जुनी रीत यादृष्टीने अत्यंत शहाणपणाची आहे, आणि हल्ली पारण्याच्या समारंभात तिचाच बळी जातो.

शास्त्राने याची सोय केलेली नाही असेही नाही. पच्चक्खाणात आगार असतात. त्यांतील सर्वसमाधिप्रत्यय आगार हा तीव्र वेदनेने समाधी ढळू लागल्यास औषध घेण्याची मोकळीक ठेवतो. दिगंबर परंपरेतील सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ ही स्वतंत्र भावना आहे. तप शक्तीनुसार, असा तिचा सरळ अर्थ. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनाखालोखाल उणोदरी येते, भुकेपेक्षा चार घास कमी. पित्ताशयाच्या दृष्टीने पाहिले तर हे तप सर्वांत निर्धोक, आणि वजनाच्या दृष्टीने सर्वांत टिकाऊ. त्याची पत्रिका निघत नाही, वरघोडा निघत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

चौविहाराचाही विचार करावा. सूर्यास्तापूर्वी जेवण झाल्यावर नवकारशीला, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, तोंडात काही गेले तर मधला काळ साधारण तेरा-चौदा तासांचा होतो. पण व्यापारी घरात प्रत्यक्षात काय घडते? नवकारशीला नुसता चहा, मग दुकान, मग गिऱ्हाईक, आणि जेवण दीड-दोन वाजता. उपाशीपणाचा काळ एकोणीस-वीस तासांवर जातो. रात्रीचा उपाशी काळ जितका लांब तितके स्त्रियांमध्ये खड्यांचे प्रमाण अधिक, असे काही अभ्यासांत आढळले आहे. घरातील सर्वांचे आटोपून अखेरीस जेवणाऱ्या सुनांना आणि सासवांना हे विशेषत्वाने लागू पडते. नवकारशीलाच दुधाचा पेला किंवा तूप लावलेली भाकरी घेतल्याने कोणताही नियम मोडत नाही.

वजन आणि पित्ताशय यांच्या नात्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. काही वेळा वजन आधी घटत नाही, तर दुखण्यामुळे घटते. कळ येईल या भीतीने माणूस तूप सोडतो, मग संध्याकाळचे जेवण सोडतो आणि सहा महिन्यांत कपडे सैल होतात. नातेवाईक ‘छान बारीक झालात’ म्हणतात. कोणताही प्रयत्न न करता वजन उतरणे ही कौतुकाची नव्हे, तपासणीची बाब आहे. त्यासोबत भूक मंदावणे, डोळे पिवळे होणे, अंगाला खाज सुटणे अशी लक्षणे असतील तर पित्ताशयाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगाची शंका वैद्यांना घ्यावी लागते. हा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्य भारतात जितका आढळतो, तितका आपल्याकडे आढळत नाही, ही दिलासा देणारी गोष्ट. कोणता कर्करोग कोठे किती, हे आपल्या भागात मोजले जाते, याचे श्रेय बार्शीला आहे. ढोकीपासून येडशीमार्गे तासा-दीड तासाच्या अंतरावरील या गावी १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात होते.

खडे आढळले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे मात्र नाही. बहुसंख्य खडे मुके असतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतात आणि आयुष्यभर त्रास देत नाहीत. अशा मुक्या खड्यांपैकी वर्षाला शंभरातील एक ते चार जणांनाच लक्षणे सुरू होतात. पण एकदा कळ आली की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. कळ पाच-सहा तासांहून अधिक टिकली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर ढोकीतील दवाखान्यात एक सुई घेऊन घरी परतू नये. धाराशिव, लातूर किंवा बार्शी येथे त्याच दिवशी पोहोचावे. नलिकेत अडकलेला खडा स्वादुपिंडाला सूज आणू शकतो, आणि ती जिवावर बेतू शकते.

शस्त्रक्रियेची भीती जुन्या काळातील आहे. बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली प्रथम पित्ताशय काढले, तेव्हापासून शंभर वर्षे पोटावर वीतभर छेद घ्यावा लागे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली भारतात प्रथमच दुर्बिणीतून पित्ताशय काढले. मोठ्या शहरातील श्रीमंतांपुरतेच हे तंत्र राहू नये, म्हणून पुढे त्यांनी ते ग्रामीण भागातील सर्जनांना शिकवले. आज बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडण्याचे’ प्रयोग मोबाइलवरून घरोघर पोहोचले आहेत. दुसऱ्या दिवशी शौचावाटे हिरवट मऊ गोळे पडतात, त्यांची छायाचित्रेही फिरतात. तपासणीत ते खडे नसून त्याच तेलाचे आतड्यात झालेले साबणासारखे गोळे असल्याचे आढळले आहे. खडे जागच्या जागी राहतात. उलट एवढे तेल एका वेळी प्यायल्याने कळ उठण्याचा धोका असतो.

वजन झपाट्याने घटवावे लागणार असेल, तर खडे होऊ नयेत म्हणून डॉक्टर काही महिने उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. औषध उपयुक्त आहे. परंतु ते बहुधा गुरांच्या पित्तापासून तयार केले जाते, ही माहिती चिठ्ठीवर लिहिलेली नसते आणि दुकानदारालाही बहुतेक वेळा नसते. कॅप्सूलच्या जिलेटिनचीही गोष्ट तीच. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे. अशा वेळी वजनाचा वेग आठवड्याला अर्धा ते एक किलोवर ठेवणे आणि रोजच्या किमान एका जेवणात दोन-अडीच चमचे तूप किंवा तेल असू देणे, हा मार्ग खुला असतो. चालू असलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पित्ताशय काढल्यानंतर पुन्हा उपवास करता येतील का, हा प्रश्न श्राविका हमखास विचारतात. पित्त तयार करणारे यकृत शाबूत असते. फक्त गोदाम गेल्यामुळे रस थेट, थोडा थोडा, आतड्यात उतरत राहतो. काहींना सुरुवातीचे काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर जुलाब होतात, पुढे बहुतेकांचे ते थांबतात. जखम भरून आली, आहार पूर्ववत झाला आणि सर्जनने संमती दिली की एकासनापासून आरंभ करता येतो.