रानपिंगळा आणि विद्येचं झाड

यवतमाळात बंगल्याच्या फाटकाशी दोन अंगांना दोन मोरपंखी, ही जुनी रीत. शाळेत आम्ही तिची चपटी पानं वहीत जपायचो, विद्या येते म्हणून. किती आली ते सोडा. पण या झाडाची निळसर, वाकड्या शिंगांची बोंडं फोडून पाहिलीत तर कळेल, हे फळ नव्हे. हा शंकू. सायप्रसच्या गोतातलं, मूळ चीनकडचं हे झाड विदर्भाच्या उन्हातही तगतं.

रानपिंगळा या घुबडाचं नशीब याच्या उलट. 1872 साली ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात हा पक्षी मिळाला. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं नामकरण केलं. 1884 मध्ये डेव्हिडसन यांनी खानदेशात शेवटचा नमुना घेतला. त्यानंतर 113 वर्षं काहीच नाही. जगभरातल्या संग्रहालयांत अवघी सात कातडी. पक्षी नामशेष झाला असंच धरलं गेलं.

1914 ची गुजरातेतली एक नोंद होती, पण ती कर्नल माइनर्ट्झहागेन यांची लबाडी. डेव्हिडसन यांचाच एक नमुना चोरून त्यांनी त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. ती थाप पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडी पाडली. जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर विसंबून त्या सोबत्यांसह शहाद्याजवळच्या रानात गेल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रानपिंगळा समोर बसलेला! पुढे मेळघाटातही तो सापडला.

नावांची गंमत तर पाहा. लिनियसने 1753 मध्ये मोरपंखीला थुजा या वंशात बसवलं. पुढे ती तिथून निघून स्वतःच्या वंशात एकटी राहिली. रानपिंगळ्याला ह्यूम यांनी वेगळा वंश देऊन एकटं पाडलं होतं. 2018 मध्ये डीएनएच्या अभ्यासाने त्याला साध्या पिंगळ्याच्या वंशात परत आणलं.

मोरपंखीला कुंडीभर माती पुरते. रानपिंगळ्याला घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते, आणि सागाच्या रानात ढोलीचं खोड म्हणजे आधी तोडायचं खोड.

संध्याकाळी फाटकाजवळच्या तारेवर येतो तो साधा पिंगळा. त्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो भर दिवसा, शेपटी झटकत सरड्यांवर टपून बसतो.